शाळेच्या खिडक्या कोण उघडणार? एका प्राथमिक शाळेच्या इमारतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पहिली ते पाचवी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, साडेतीनशेच्या आसपास मुलं. प्रदेश उष्ण: उन्हाळा कडक, थंडी नावापुरती, पाऊस तीन-चार महिन्यांत उरकणारा. जुनी शाळा एकमजली, विटांच्या जाड भिंतींची, वर पत्रा. वर्ग कमी पडू लागले, पत्रा गळू लागला, तेव्हा संस्थेने नवीन इमारत बांधायचं ठरवलं. ठरावात एकच अट होती, "इमारत पर्यावरणपूरक व विजेची बचत करणारी असावी." म्हणजे नेमकं काय, हे आम्ही वास्तुरचनाकारांनी शोधायचं होतं.

बांधकाम समितीत अध्यक्ष, खजिनदार, मुख्याध्यापिका (शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात) आणि विद्युत अभियंता असलेले एक पालक होते. शाळा उघडणारे आणि बंद करणारे शिपाईमामा समितीत नव्हते. त्यांना बोलवावं हे कोणाला सुचलं नाही, आम्हालाही नाही. शाळेची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

अडचण

भूखंड दक्षिणोत्तर लांब, पश्चिमेला वर्दळीचा रस्ता. अशा जागेवर हात आपोआप एक लांबलचक इमारत काढतो, रस्त्याला समांतर. पण मग वर्गांच्या खिडक्या पूर्वेला आणि पश्चिमेला येतात. दक्षिणेचं दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, त्याला दीड-दोन फुटांचा छज्जा बऱ्यापैकी अडवतो. पूर्व-पश्चिमेचं ऊन मात्र आडवं येतं. त्याला छज्जा काय करणार? ते थेट बाकावर येऊन बसतं.

दुसरी उष्णता छपराची. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबवर दुपारी पडलेलं ऊन खालच्या बाजूला पोचायला तीन-चार तास घेतं, म्हणजे बाहेर ऊन कलतं तेव्हा खोलीत छत तापतं. तिसरी उष्णता खुद्द मुलांची, आणि ही नेहमी विसरली जाते. बसलेलं लहान मूल साधारण ७० वॉट उष्णता बाहेर टाकतं. एका वर्गात ३५ मुलं म्हणजे जवळजवळ अडीच किलोवॉट, खोलीत दोन-तीन छोटे हीटर लावून ठेवावेत तशी.

चौथा प्रश्न हवेचा. ताज्या हवेसाठी आम्ही अ‍ॅश्रे ६२.१ हे अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेचं वायुवीजनाचं मानक धरलं. लहान मुलांच्या वर्गासाठी त्यात माणशी सेकंदाला ५ लिटर, वर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ०.६ लिटर हवा सांगितली आहे. आमचा वर्ग ४८ चौरस मीटरचा. बाई धरून ३६ माणसांसाठी ती होते सेकंदाला सुमारे २०९ लिटर. खोलीची सगळी हवा तासाला पावणेपाच वेळा बदलायला हवी. जुन्या शाळेत एका तासिकेपुरती दारं-खिडक्या लावून कार्बन डायऑक्साइड मोजला. सुरुवातीला ५०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग), ३५ मिनिटांनी १७०० च्या पुढे. मागच्या बाकावर दोघं जांभया देत होते, पण तो गणिताचा तास होता, त्यामुळे त्याचं खापर हवेवर फोडत नाही.

खिडकी उघडली की हवा येते आणि तिच्यासोबत रस्त्याचा आवाजही. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गासाठी सुचवलेली मर्यादा ३५ डेसिबल. रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या ठेवून ती पाळणं शक्यच नव्हतं.

याच पाहणीत एक गोष्ट हाती लागली, ती कुठल्याच मानकात नव्हती. तिसरीच्या वर्गात आम्ही उदबत्ती पेटवून वारा कुठून कुठे जातो ते बघत होतो. उभं राहिल्यावर धूर झपकन दाराकडे ओढला जात होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "जरा मुलांच्या जागेवर बसून बघा." बुटक्या बाकावर बसलो, उदबत्ती नाकासमोर धरली. धूर सरळ वर गेला, डोक्याच्या वर पोचल्यावर वळला. खिडकीचा उंबरठा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर होता, मोठ्यांच्या कार्यालयात असतो तसा. वारा मुलांच्या डोक्यावरून जात होता. त्यांना बाहेरचं झाडही दिसत नव्हतं, फक्त आकाशाचा तुकडा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय अध्यक्षांचा होता आणि बऱ्याच पालकांनाही तोच हवा होता: रस्त्याला समांतर इमारत, सगळ्या वर्गांना एसी, गच्चीभर सौर पॅनेल. "वीज आपलीच, मग काय हरकत?" हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. धूळ आणि आवाज दोन्ही बाहेर राहिले असते. पण हिशेब मांडला. वर्गाला दीड टनाचे दोन एसी, प्रत्येकी दीड किलोवॉटच्या आसपास. दहा वर्गांचे मिळून ३० किलोवॉट. मधूनमधून बंद पडत चालले तरी सहा तासांत शंभराच्या वर युनिट. भरपूर उन्हाच्या ठिकाणी १ किलोवॉटचं पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे निदान २५ किलोवॉटची पॅनेल लागली असती. तीही बसवता आली असती. खरा अडसर दुसराच होता: भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. १७०० चा आकडा थंड खोलीतही १७०० च राहतो. ताज्या हवेची वेगळी यंत्रणा घेतली तर खर्चही वाढणार आणि तिचे फिल्टर कोण धुणार हा प्रश्न उरणार.

दुसरा पर्याय आमचा लाडका. मातीच्या दाबलेल्या विटा, वक्र छतं, वारा खाली आणणारे मनोरे. चित्रं सुरेख झाली होती, आणि खरं सांगायचं तर ती शाळेपेक्षा आमच्या कार्यालयाच्या भिंतीसाठी जास्त काढली होती. खजिनदारांनी एकच विचारलं, "हे छत दहा वर्षांनी गळलं तर कोणाला बोलवायचं?" असं छत बांधणारे गवंडी त्या भागात नव्हते. आठवडाभर आम्ही रुसलो आणि मग पर्याय मागे घेतला.

तिसरा पर्याय दिसायला अगदी साधा होता: दिशा, सावली, छताचं उष्णतारोधन, आरपार वारा, पंखे आणि या सगळ्यानंतर उरलेल्या विजेपुरती पॅनेल. हाच स्वीकारला गेला, पण लगेच नाही. एसी नाही हे पालकांना कोण सांगणार, यावर दोन बैठका गेल्या. कोंडी मोठ्या बाईंनी फोडली. त्यांनी विचारलं, "सर्वांत कडक आठवड्यांत शाळा सकाळी भरवली तर?" वेळापत्रक हीसुद्धा इमारतीची रचनाच आहे, हे तोवर आमच्या डोक्यात आलं नव्हतं. मुलं दुपारी साडेबाराला घरी जाणार असतील, तर छताची उष्णता खाली पोचेपर्यंत वर्ग रिकामा असतो. एसीच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा या एका प्रश्नाने निकाली निघाला.

जुनी इमारत पाडायची का?

समितीच्या मनात जुनी इमारत पाडली जाणार हे गृहीतच होतं. तिची दिशा चुकीची, पत्रा गेलेला. आम्ही पाया आणि भिंती तपासून घेतल्या, त्या ठणठणीत निघाल्या. सिमेंटमधलं क्लिंकर (भट्टीत भाजून तयार होणारा त्याचा मुख्य घटक) एक टन बनवताना साधारण ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, शिवाय विटा भाजण्याचा धूर वेगळा. चांगल्या भिंती पाडून त्यांच्या जागी "हरित" भिंती उभ्या करायच्या, हे पटत नव्हतं.

मग वापराची अदलाबदल केली. जिथे मुलं दिवसभर बसतात ते वर्ग नव्या इमारतीत. वाचनालय, कार्यालय, संगणक कक्ष आणि भांडारघर, जिथे माणसं थोडा वेळ येतात किंवा कमी असतात, ते जुन्या इमारतीत, नवं उष्णतारोधक छप्पर घालून. ती रस्त्याकडेला असल्याने आवाजासाठी आयती भिंतही मिळाली. सगळ्या प्रकल्पात मला हाच निर्णय सर्वांत बरा वाटतो, आणि उद्घाटनाच्या भाषणांत नेमका त्याचाच उल्लेख नव्हता. न पाडलेल्या इमारतीची फीत कोण कापणार?

काय बांधलं

जुन्या इमारतीच्या मागे, कंगव्याच्या दातांसारख्या, पूर्व-पश्चिम लांबीच्या दोन दुमजली इमारती. एकीत सहा वर्ग, दुसरीत चार, मध्ये अंगण आणि अंगणात आधीपासून असलेलं झाड. वर्गांच्या दक्षिणेला २.४ मीटर रुंद व्हरांडा, त्यामुळे उन्हाळ्यात भिंतीवर ऊन पडतच नाही. उत्तरेला मोठ्या खिडक्या. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत उपयोगी उजेड पोचतो. वरची कड २.७ मीटरवर आणि खिडकीसमोरची भिंत ६ मीटरवर, म्हणजे एका बाजूचा उजेड पलीकडच्या भिंतीपर्यंत जेमतेम पोचणार होता. म्हणून व्हरांड्याच्या बाजूलाही दारावर झरोके ठेवले. उजेडासाठी आणि वारा आरपार जावा यासाठी.

खिडकीचा उंबरठा ५० सेंटिमीटरवर आणला. मुलं चढतील या भीतीने पहिल्या मजल्यावर खालच्या भागाला पक्की उभी जाळी लावली. आडव्या गजांवर शिडीसारखं चढता येतं, म्हणून उभी.

पश्चिमेच्या टोकाला उष्णता अडवण्यासाठी आम्ही आधी स्वच्छतागृहं ठेवली होती. नकाशावर चोख दिसत होतं. मग कोणीतरी वाऱ्याची दिशा विचारली. वारा पश्चिमेकडून येणार, स्वच्छतागृहांवरून वाहत दहाही वर्गांत शिरणार. नकाशा त्याच संध्याकाळी बदलला. स्वच्छतागृहं ईशान्येला गेली, पश्चिमेला जिना आणि वेल चढवायची जाळी आली.

छतावर स्लॅबच्या वर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी. नुसता पांढरा रंग स्वस्त पडला असता आणि नवा असताना ऊन छान परतवतो, पण धूळ बसली की त्याचा गुण झपाट्याने उतरतो.

वर्गाला चार, असे ४० पंखे. जुन्या पद्धतीचे ७५ वॉटचे घेतले असते तर ३ किलोवॉट. ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) घेतले, १.२ किलोवॉट. डोक्यावर वारा फिरता असला की माणसाला खोली दोन-तीन अंशांनी थंड भासते, आणि इतक्या कमी विजेत एवढं करणारं दुसरं उपकरण नाही. पॅनेल ५ किलोवॉटची. छताचं पाणी, पहिल्या सरीचं मळकट पाणी बाजूला काढून, टाकीत, ते स्वच्छतागृहांसाठी.

पहिलं वर्ष

अंदाज होता की शाळेच्या दिवसाला सरासरी १० युनिट लागतील. लागली १७. वर्ग रात्रीच्या थंड हवेने गार होतील असं आम्ही सांगितलं होतं. बाहेर ३९ अंश असताना आत ३६ होते. जुन्या पत्र्याखालच्या खोलीपेक्षा बरं, पण जे कबूल केलं होतं ते हे नव्हे.

आधी उष्णतेचा शोध घेतला. आमच्या छेदचित्रात (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्रात) निळे बाण होते: रात्री खिडक्यांतून थंड हवा आत येते, जाड भिंती आणि स्लॅब गार करते, दिवसा तोच गारवा परत मिळतो. तत्त्व बरोबर होतं. एकदा संध्याकाळी सहा वाजता शाळेत गेलो तर सगळ्या खिडक्या बंद, कड्या लावलेल्या. मामांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, तीस वर्षं मी शाळा बंद करूनच घरी जातोय. उघडी टाकून जायला मला कोणी सांगितलं नाही. आणि चोरी झाली तर?" बाण आमच्याकडे होते, किल्ल्या मामांकडे. इतका साधा हिशेब होता.

मग विजेचं कोडं. वर्ष निम्मं सरल्यावर शाळेला मोठे परस्परसंवादी स्क्रीन (बोटाने स्पर्श करून चालवायचे डिजिटल फळे) देणगीत मिळाले. भरपूर उजेडाच्या खोलीत स्क्रीनवरचं चित्र फिकं दिसायचं, म्हणून बाईंनी कापड आणून खिडक्यांना पडदे शिवून घेतले. पडदे ओढले की वारा बंद, उजेडही बंद, मग सगळ्या ट्यूब चालू. आम्ही ट्यूबच्या रांगा खिडकीला समांतर ठेवल्या होत्या, खिडकीजवळची रांग दिवसा बंद ठेवता यावी म्हणून. उजेडाच्या दृष्टीने ते अगदी पुस्तकी बरोबर. पण स्क्रीनजवळच्या तेवढ्या ट्यूब बंद करायची सोयच नव्हती. बटण दाबलं की रांगच्या रांग, फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत.

तिसरी तक्रार आवाजाची. चौथीत पाढे सुरू झाले की पाचवीत ऐकू यायचे. रस्त्याचा आवाज जुन्या इमारतीने अडवला होता, शाळेचा स्वतःचा आवाज कोणी अडवणार नव्हतं. झरोक्यांतून तो व्हरांड्यात, व्हरांड्याच्या कडक छतावर आपटून शेजारच्या झरोक्यात. शिवाय खोल्याच घुमत होत्या. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहाचा घुमारा, म्हणजे आवाज थांबल्यावरही तो घुमत राहण्याचा काळ, मोजताना भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी आवाज शोषण्याचं जे माप ठरवलं, ते उघड्या खिडकीचं: खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. त्यांच्या सूत्राने आमच्या १५८ घनमीटरच्या वर्गात घुमारा ०.६ सेकंदावर आणायला सुमारे ४२ चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं शोषण हवं होतं. मुलं, उघड्या खिडक्या आणि उघड्याबोडक्या भिंती मिळून ते जेमतेम २० भरत होतं. हे गणित आम्ही आधी करायला हवं होतं. केलं नाही, कारण सगळं लक्ष उष्णतेवर होतं.

नळांचं थोडक्यात सांगतो. पाणी वाचवायला दाबाचे, आपोआप बंद होणारे नळ बसवले. पहिलीतल्या मुलांच्या हातांना ते दाबलेच जाईनात. एक मुलगी दोन्ही तळहात टेकवून उडी मारायची, तेव्हा कुठे चार थेंब. धुवायला हात मोकळा कोणाचा होता? दोन आठवड्यांत हलक्या स्प्रिंगचे नळ आले.

दुरुस्त्या

खिडक्यांच्या वरच्या भागात जाळी असलेल्या लोखंडी झडपा बसवल्या. माणूस आत शिरू शकत नाही, पाऊस शिरत नाही, रात्रभर उघड्या राहिल्या तरी चालतं. आणि या वेळी मामांना बसवून विचारलं. त्यांनी लगेच एक खोट काढली: पहिल्या मजल्यावरच्या झडपांना दांडा लागेल, नाहीतर ते रोज स्टूल घेऊन फिरणार नाहीत. दांडा केला. पुढच्या उन्हाळ्यात बाहेर ३९ असताना आत ३३ ते ३४ राहू लागले.

पडद्यांचे दोन भाग केले आणि स्क्रीनलगतची एकच खिडकी झाकायची असं ठरलं. स्क्रीन फळ्याच्या भिंतीवर खिडकीपासून लांबच्या बाजूला सरकवला. पुढच्या ट्यूबना वेगळं बटण दिलं. त्यासाठी नव्याने गिलावा फोडावा लागला, तो खर्च टळला असता. दिवसाचा वापर १२ युनिटवर आला. दहावर आला नाही, कारण संगणक कक्ष आमच्या अंदाजात निम्माच धरला होता.

प्रत्येक वर्गाच्या मागच्या भिंतीवर आणि छताच्या कडेने सुमारे २५ चौरस मीटर ध्वनीशोषक पटलं लावली. घुमारा गेला. पाढे मात्र अजून थोडे ऐकू येतात.

पुन्हा करायचं झालं तर

दिशा, व्हरांडा, छत, जुनी इमारत राखणं, यातलं काही बदलणार नाही. पॅनेलही शेवटीच ठेवू. सुरुवातीला पॅनेलचा आकडा ठरला की बाकीचं डिझाइन त्याच्या मागे धावू लागतं.

आवाजाचं गणित हवेच्या गणितासोबत, त्याच कागदावर करू. आमच्याकडे या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांकडे होत्या आणि झरोका दोघांच्या मध्ये पडला. झरोके एकमेकांना तिरके ठेवून आत शोषक अस्तर लावलं असतं, तर हवा आली असती आणि आवाज वळणातच मुरला असता. आता ते करायचं म्हणजे दहा भिंती फोडायच्या.

विजेची जोडणी करताना, पुढे कुठलं तरी उपकरण देणगीत येणारच असं धरून चालू. शाळेला भेटी मिळत राहतात आणि त्या कधीच नकाशा विचारून येत नाहीत.

पहिल्या वर्षाच्या मोजमापासाठी करारातच पैसे बाजूला ठेवू. इथे आम्ही स्वतःहून गेलो म्हणून बंद खिडक्या दिसल्या. गेलो नसतो तर इमारत ३६ अंशांवर चालत राहिली असती आणि हरित म्हणूनच ओळखली गेली असती.

आणि खिडक्यांचा तक्ता. प्रत्येक नकाशासोबत तो असतो: खिडकीचा क्रमांक, रुंदी, उंची, काच, चौकट. त्यानंतरच्या कामांत आम्ही त्यात दोन रकाने वाढवले, "कोण उघडणार" आणि "केव्हा". पहिल्यांदा भरायला घेतला तेव्हा अकरा खिडक्यांसमोर आम्हाला नाव लिहिता आलं नाही. त्यातल्या सात काढून टाकल्या. उरलेल्या चारांचं काय करायचं, ते तिथल्या शिपायांना विचारायचं ठरलं आहे.